डोंगरातला निवांत रस्ता: सायकलवरच्या पहिल्या सहलीची तयारी

सपाटीवर सायकल चालवणाऱ्याला विचारलं, "किती झाली?" तर तो किलोमीटर सांगतो. डोंगरात हाच प्रश्न विचारला की मुरलेला माणूस मीटर सांगतो. मला हा फरक कळायला एक अख्खा दिवस खर्ची घालावा लागला. घरच्या सपाट रस्त्यांवर ८० किलोमीटर हसतखेळत व्हायचे, म्हणून डोंगरातल्या पहिल्या दिवसाला ६२ किलोमीटर धरले आणि वर स्वतःला शाबासकी दिली की बेत कसा बेताचा आखलाय. त्या ६२ मध्ये १,४५० मीटरचा चढ होता. नकाशावर तो आकडा लिहिलेलाही होता, मी वाचलाच नव्हता. मुक्कामी पोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि शेवटचे चार किलोमीटर मी सायकल चालवत नव्हतो, ढकलत होतो.

त्या दिवसापासून ज्या क्रमाने तयारी करतो, त्याच क्रमाने इथे लिहितोय.

पहिली पायरी: दिवस उंचीत मोजा

डोंगरात पायी चालणाऱ्यांसाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा हिशोब दिला. तीन मैलांना एक तास, आणि वर प्रत्येक २,००० फूट चढाईला आणखी एक तास. सायकलसाठी आकडे बदलतात, रीत तीच राहते. सामान लादलेल्या नवख्या सायकलवाल्याने १५ किलोमीटरला एक तास धरावा आणि दर ४०० मीटर चढाईला एक तास वेगळा. म्हणजे ५० किलोमीटर आणि १,००० मीटर चढाईचा दिवस जवळपास सहा तासांचा झाला, आणि त्यात खाणं, फोटो, पंक्चर काहीच धरलेलं नाही. उतारावर वेळ भरून निघेल असं वाटतं. फारसा निघत नाही, कारण वळणावळणाच्या उतारावर नवखा माणूस जपूनच उतरतो, आणि तेच बरं.

४०० मीटरच का? तुम्ही, सायकल आणि सामान मिळून ९५ किलो धरा. एवढं वजन तासाभरात ४०० मीटर वर न्यायचं तर नुसत्या उचलण्यालाच शंभरेक वॅट लागतात. धडधाकट पण सराव नसलेला माणूस तेवढे वॅट तासन्‌तास देऊ शकतो. त्याहून जास्त तो अर्धा तास देतो आणि मग कठड्यावर बसून राहतो. पहिल्या दिवशी ४० किलोमीटर आणि ६०० ते ७०० मीटर पुरे.

आता टक्के. एक किलोमीटरमध्ये १०० मीटर चढलात तर तो १० टक्क्यांचा चढ. तीन टक्के डोळ्यांना दिसत नाहीत, पायांना कळतात. वारा समोरून आहे की ब्रेक घासतोय अशी शंका येत राहते. सहा टक्के योग्य गिअर असेल तर दिवसभर चालतात. नऊ-दहाला बोलणं बंद होतं. बाराच्या पुढे सामानासकट चढणारा नवखा मी अजून पाहिलेला नाही, मीही उतरतो. मात्र सरासरीवर विसंबू नका. "आठ किलोमीटर, सरासरी सहा टक्के" यात मधे दीड किलोमीटर उतार दडलेला असेल, तर उरलेला चढ सहाचा राहत नाही. चढाचा आलेख उघडून बघा.

आणि आलेखावरही डोळे मिटून विश्वास नको. ऑनलाइन नकाशांतल्या उंचीचा मोठा भाग अंतराळातून केलेल्या मोजणीवर उभा आहे. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने ११ दिवसांत रडारने पृथ्वीचा बहुतांश भूभाग मोजला. त्यातले बिंदू जवळजवळ ३० मीटर अंतरावर आहेत, आणि बरीच वर्षं जगातल्या बहुतेक भागांसाठी ९० मीटरचीच माहिती खुली होती. कड्यात कोरलेल्या रस्त्याला हे अंतर फार होतं. नकाशावरची रेघ जराशी सरकली की उंची रस्त्याची न येता वरच्या कड्याची किंवा खालच्या दरीची येते, आणि आलेखाला करवतीसारखे दात फुटतात. बोगदा असेल तर त्याच्या डोक्यावरचा अख्खा डोंगर चढाईत धरला जातो. त्यामुळे मधेच २५ टक्क्यांची सुई दिसली तर घाबरू नका. आधी तिथे बोगदा, पूल किंवा कडा आहे का ते बघा.

दुसरी पायरी: ज्या रस्त्याचं काम दुसऱ्याने घेतलंय तो शोधा

इथे वेळ घालवा. बाकी सगळं जागेवर निभावता येतं, चुकीचा रस्ता निभावता येत नाही.

डोंगरात रस्ता फुकट होत नाही. प्रत्येक रस्ता कुणीतरी कशासाठी तरी, पुष्कळ पैसा ओतून बांधलेला असतो. म्हणून नकाशावरच्या प्रत्येक रेघेला दोन प्रश्न विचारायचे: तू कशासाठी झालास, आणि आता तुझ्यावरून कोण जातं? दोन्हींची उत्तरं वेगळी आली की तो रस्ता आपला.

सगळ्यात सोपी खूण म्हणजे बोगदा. स्वित्झर्लंडमध्ये गॉटहार्ड खिंडीखालून १९८० मध्ये जवळपास १७ किलोमीटरचा मोटारींचा बोगदा सुरू झाला. खिंडीवरून जाणारा एक नवा रुंद रस्ताही आहे. या दोघांनी मिळून ट्रक आणि मोटारी उचलल्या, आणि दक्षिण उतारावरचा ट्रेमोला नावाचा जुना, दगडी फरसबंदीचा, २४ वळणांचा रस्ता सायकलींना मोकळा झाला. असे छोटे ट्रेमोला जगभर आहेत. नकाशावर महामार्ग बोगद्यात किंवा उंच पुलावर शिरताना दिसला की त्याच्या आजूबाजूला एखादी बारीक, वळणं घेणारी रेघ हुडका. ती बहुधा जुना रस्ता असते.

दुसरी खूण, बंद पडलेला लोहमार्ग. लोखंडी रुळावर लोखंडी चाक घसरतं, त्यामुळे रेल्वे बांधणारे चढ दोन-तीन टक्क्यांच्या वर सहसा जाऊ देत नसत. रूळ उखडल्यावर उरते ती सायकलसाठी तयार पायवाट. न्यूझीलंडमधला ओटागो सेंट्रल रेल ट्रेल हा सन २००० पासून खुला असलेला दीडशे किलोमीटरचा मार्ग असाच झाला. त्यावरचा सगळ्यात तीव्र चढ ५० ला १, म्हणजे दोन टक्के. नवख्याने पहिली सहल अशा मार्गावर करावी, हे माझं ठाम मत आहे. कालव्याच्या कडेचे देखभालीचे रस्तेही याच जातीचे: पाण्याला घाई नसते, ते डोंगराच्या कडेकडेने जवळजवळ सपाट जातं. तिथे सायकलला परवानगी आहे का, तेवढं आधी विचारा.

तिसरी खूण वळणांची. घोडागाड्यांच्या काळातले रस्ते ओढणाऱ्या जनावराच्या दमाला धरून आखलेले असायचे. १८२० ते १८२५ मध्ये बांधलेल्या इटलीतल्या स्टेल्विओ खिंडीच्या एका बाजूला ४८ वळणं आहेत ती काही शोभेसाठी नाहीत. जितकी वळणं जास्त, तितका चढ सौम्य. उलट, जीप किंवा ट्रॅक्टरसाठी नंतर काढलेली वाट डोंगराच्या नाकावरून सरळ वर जाते. नकाशावर ती छान जवळची वाटते आणि तिथेच माणूस फसतो. (स्टेल्विओ स्वतः मात्र निवांत नाही. उन्हाळ्यात तिथे मोटरसायकलींची रीघ लागते.)

नदीच्या खोऱ्यात दोन्ही काठांनी रस्ते असतील तर मोठा ज्या काठाला आहे त्याच्या समोरचा घ्या. तो गावागावांतून वरखाली होत जातो, चढ जरा जास्त पडतो, पण मागून भोंगा येत नाही.

मग उपग्रहाचं चित्र उघडा. रस्त्याच्या मधोमध पांढरी रेघ नसेल तर वर्दळ कमी. डोंगराच्या अंगावर पांढरट खरचटल्यासारखा डाग दिसला तर ती खाण. मग तो चिमुकला रस्ता कामाच्या दिवशी डंपरांनी भरलेला असणार आणि सुट्टीला चिडीचूप. धबधब्याशी किंवा कड्यावर मोठा वाहनतळ दिसला तर हिशोब उलटा, तिथे सुट्टी टाळा. धरणापाशी संपणारा रस्ता अनेकदा गुळगुळीत आणि रिकामा असतो, फक्त पलीकडे वाट नाही हे लक्षात ठेवून जायचं.

नकाशाच्या ॲपला "जवळचा मार्ग" विचारू नका. अशी बरीच सायकल ॲप २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपची माहिती वापरतात. ती स्वयंसेवकांनी भरलेली असते आणि रस्त्याचा दर्जा व पृष्ठभाग त्यात नोंदवलेले असतात. खालच्या दर्जाचे पण डांबरी म्हणून नोंदलेले रस्ते निवडा. पृष्ठभागाची नोंदच नसेल तर तो रस्ता कच्चा धरून चाला. पक्का निघाला तर आनंदच आहे.

एखादा गर्दीचा टप्पा कितीही टाळला तरी टळत नाही. मग तो उताराला येईल अशी दिशा ठेवा. सहा किलोमीटरचा टप्पा ताशी सहाने चढलात तर तासभर वाहनं तुमच्या कोपरापासून हातभर अंतरावरून जाणार. तोच ताशी ३० ने उतरलात तर बारा मिनिटांत सुटका. ही एवढी गोष्ट कळल्यावर माझ्या निम्म्या फेऱ्यांची दिशा मी उलटी केली.

तिसरी पायरी: गिअर हलके करा, मग पिशवी

फ्रान्समधले पॉल द विवी, 'वेलोसिओ' या टोपणनावाने ओळखले जाणारे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून एकच गोष्ट कानीकपाळी ओरडत राहिले: डोंगरात एका गिअरने भागत नाही. शर्यतवाल्यांना तो कमीपणा वाटे. टूर द फ्रान्समध्ये गिअर बदलण्याच्या यंत्राला परवानगी मिळाली ती १९३७ मध्ये, वेलोसिओ गेल्यावर सात वर्षांनी. दुकानात "एवढा हलका गिअर काय करायचाय?" असं कुणी हसून विचारलं तर हे आठवा.

हिशोब असा. पुढच्या चक्राचे दात भागिले मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राचे दात. ३४ ला ३४ असेल तर पॅडलच्या एका फेरीत चाकाची एक फेरी, म्हणजे साधारण २.१ मीटर. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर वेग ताशी साडेसात किलोमीटर. आठ टक्क्यांच्या चढावर, ९५ किलो घेऊन, याला १६० च्या वर वॅट लागतात. आपल्याकडे आहेत शंभर-सव्वाशे. मग फेऱ्या मंदावतात, पाय पॅडलवर अक्षरशः उभा राहतो, गुडघा कुरकुरतो. पुढे २६ आणि मागे ३६ दात असतील तर त्याच ६० फेऱ्यांत वेग साडेपाच आणि गरज सव्वाशेच्या आसपास. भागाकार एकच्या खाली, जमलं तर पाऊणच्या आसपास आणा. मागचं मोठं चक्र बसवायचं तर साखळीची लांबी आणि मागचा डेरेल्युअर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारं यंत्र) त्याला चालतो का, हे मेकॅनिकला आधी विचारा.

वजनाचा लोकांना फार घोर असतो. पाच किलो कमी केले तर १,००० मीटर चढायला लागणाऱ्या अडीच तासांतली आठेक मिनिटं वाचतात. वाईट नाही, पण गिअर बदलल्यावर गुडघे वाचतात. टायर ३५ ते ४५ मिलिमीटर रुंद घ्या आणि ते दगडासारखे फुगवू नका. जुन्या रस्त्यांवर डांबर उखडलेलं असतंच. सामान खाली आणि दोन्ही बाजूंना सारखं बांधा. पाठीवर सॅक अजिबात नको. दोन ट्यूब, पॅच, पंप, साखळीची जोडकडी, गिअरची एक तार आणि ब्रेक पॅडचा एक जोड. शेवटची वस्तू लोक विसरतात. ओल्या, चिखलाच्या उतारावर नवे पॅड एका दिवसात संपलेले मी पाहिलेत.

चौथी पायरी: चढ

चढाच्या पायथ्याशी वेग चांगला असतो, उमेद त्याहून चांगली असते, आणि तिथेच लोक दम घालवतात. पहिली दहा मिनिटं मुद्दाम "हे फारच हळू चाललंय" असं वाटेल इतकं हळू चढा. पूर्ण वाक्य बोलता येतंय का, हे अधूनमधून बघायचं. वाक्य तुटायला लागलं की एक गिअर खाली. आणि गिअर चढ लागण्यापूर्वी बदला. पाय ताकदीने दाबत असताना बदललात की साखळी कडकड करते आणि एखाद्या दिवशी तुटते.

वळणाच्या आतल्या कडेला चढ सगळ्यात तीव्र असतो, बाहेरच्या कडेला सौम्य. रस्ता रिकामा असेल आणि दोन्ही बाजूंचं स्पष्ट दिसत असेल तरच बाहेरून जा. नाहीतर आपली बाजू सोडायची नाही.

मधेच थांबल्यावर पुन्हा निघणं ही नवख्यांची खरी पंचाईत. सामानाने जड झालेली सायकल पुढून उचलते, हँडल गर्रकन वळतं, पाय खाली. त्याची रीत अशी: वाहन येत नाहीये हे बघून सायकल रस्त्याला जराशी आडवी धरा, म्हणजे चढ कमी होतो. दोन्ही ब्रेक दाबून ठेवा. एक पॅडल समोर, घड्याळात दोन वाजताना छोटा काटा असतो तिथे आणा. त्यावर अंगाचा भार टाका आणि त्याच क्षणी ब्रेक सोडा. पहिल्या अर्ध्या फेरीत सीटवर बसा, मग सायकल सरळ करा. हे घराजवळच्या एखाद्या चढावर दहादा करून बघा.

ढकलावं लागलं तर ढकला. चालताना वेग तीन-चार असतो, चढवताना पाच. फरक तो केवढा!

वेलोसिओंचा सल्ला होता की भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी प्या, थंडी वाजण्याआधी अंगावर घाला. खिंडीत पोचल्यावर यातला तिसरा भाग लागू होतो. हवा दर १,००० मीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, अंग घामाने ओलं असतं, आणि पुढे अर्धा तास बसून वाऱ्यात उतरायचं असतं. फोटो नंतर, आधी कोरडा कपडा, वर वारा अडवणारं जाकीट, बोटं झाकणारे हातमोजे. आणि खिंड अडीच हजार मीटरच्या वर असेल तर विरळ हवेचा त्रास होऊ शकतो. डोकं दुखून मळमळायला लागलं तर खाली उतरणं हाच उपाय.

पाचवी पायरी: उतार

चढ दमवतो, हाडं मोडतात ती उतारावर.

९५ किलो वजन ५०० मीटर खाली येतं तेव्हा सुटणारी ऊर्जा जवळजवळ दीड लिटर पाण्याला उकळी आणू शकेल एवढी असते. जोरात उतरलात तर बरीचशी हवा खाऊन टाकते. भीतभीत, ब्रेक सतत अर्धवट दाबून उतरलात तर जवळपास सगळी ब्रेकमध्ये जिरते. माझ्या दुसऱ्या सहलीत मी असाच उतरत होतो. बोटं आखडली म्हणून थांबलो, पाणी प्यायला बाटली काढली आणि तिच्या तोंडाचे चार थेंब पुढच्या ब्रेकच्या डिस्कवर पडले. तव्यावर पडावेत तसे चर्र करून उडाले. ब्रेकचं लिव्हर तोवर हँडलला टेकायला आलं होतं आणि मला वाटत होतं की हातातली ताकद गेलीय. चाकाच्या कडेलाच घासणारे रिम ब्रेक असते तर ट्यूब फुटली असती.

म्हणून वळणाआधी, सायकल सरळ असताना, दोन्ही ब्रेक ठामपणे दाबून वेग उतरवा आणि मग सोडून द्या. वळणात ब्रेक नाही. बाहेरच्या बाजूचं पॅडल खाली, त्यावर भार, आणि नजर जिथून बाहेर पडायचंय तिथे. खड्ड्याकडे बघत राहिलात की सायकल खड्ड्यातच जाते. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारं ब्रेकिंगचं अंतर चौपट होतं, तेव्हा जेवढा रस्ता दिसतोय तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग ठेवा. निवांत रस्त्यावर हे जास्त पाळावं लागतं, कारण तिथे वाहनं नसतात म्हणून बाकी सगळं असतं: वळणावर बसलेली गुरं, पाण्याने वाहून आणलेली खडी, सावलीतलं शेवाळं, आणि पलीकडून "कुणी नसतं इथे" अशा समजुतीने मधोमध येणारी एखादी गाडी. दर पाच-दहा मिनिटांनी थांबा, डिस्क वा रिमच्या नुसता जवळ हात नेऊन धग बघा.

हवामान आणि परतीची वाट

दिवसा डोंगर तापतो आणि वारा खोऱ्यातून वर चढतो. रात्री थंड हवा खाली ओघळते. उशिरा सकाळी वर जाणाऱ्याला वारा ढकलतो, दुपारनंतर खोऱ्यातून खाली येणाऱ्याला मात्र उतारावरही पॅडल मारावं लागतं. मग उशिरा निघावं का? नाही. उन्हाळी वादळी पाऊस डोंगरात दुपारनंतरच जमतो, त्यामुळे खिंड दुपारच्या आत ओलांडा आणि समोरचा वारा खाली निमूटपणे सोसा. वीज चमकल्यावर गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की किलोमीटर मिळतात. वीज दहा किलोमीटरच्या आत आली की उघड्या खिंडीवर थांबायचं नाही, उतरायचं.

उंच खिंडी बर्फामुळे वर्षातले काही महिने बंद असतात आणि जुने रस्ते दरडीने वाट्टेल तेव्हा. निघण्याच्या आदल्या दिवशी खालच्या गावात विचारा. फोनमध्ये नकाशा उतरवून ठेवा. शिवाय कागदाच्या चिटोऱ्यावर चार गोष्टी लिहा: पाणी कुठे, खिंड किती मीटरवर, मधे मोठ्या रस्त्याला उतरणारा फाटा कुठे, आणि किती वाजेपर्यंत खिंड आली नाही तर मागे फिरायचं. ती वेळ सकाळी ठरवा, कारण दुपारी दोन वाजता, शेवटची तीन वळणं दिसत असताना, माणूस स्वतःशी खोटं बोलतो. ही चिठ्ठी घरी कुणाला तरी फोटो काढून पाठवा.

मुक्कामी पोचल्यावर

आंघोळीच्या आधी ब्रेक पॅडची जाडी बघा आणि टायरमध्ये रुतलेले खडे काढा, नंतर आळस येतो. मग दिवसाची एकूण चढाई भागिले चढायला खरोखर लागलेले तास. ४०० ऐवजी ३२० आले तर उद्याच्या १,००० मीटरना अडीचऐवजी तीन तासांहून थोडं जास्त धरा, आणि गजर पाऊण तास मागे घ्या.